फाटकावरची शिनाख्त

माणसांवर चटकन विश्वास ठेवणारी माणसं मला आयुष्यात पुष्कळ भेटली. त्यातली निम्मी आळशी होती. विश्वास टाकला की चौकशी करायचा त्रास वाचतो. आमचे अधीक्षक आळशी नव्हते, म्हणून त्यांचा कुणावरच विश्वास नव्हता.

मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेतली माझी ती पहिली नोकरी. लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता. शाळा चाकूरच्या अलीकडं, माळावर. दर्शनी फळ्यावर 'जिल्हा लातूर' असं नव्यानं रंगवलं होतं, पण रंग पातळ असल्यामुळं खालचं 'उस्मानाबाद' अजून दिसत होतं. मी नांदेडहून पत्र्याची पेटी घेऊन रिक्षातून उतरले, आणि पहिल्याच दिवशी या गृहस्थांनी मला फाटकाबाहेर पाऊण तास उन्हात उभं केलं.

नेमणुकीचं पत्र त्यांनी गजांतून आत घेतलं, उजेडाकडं धरलं आणि शिक्क्याला बोट लावून बोट निरखलं.

"ह्यो शिक्का मी पाह्यला न्हाई आजून," ते म्हणाले.

"नवा जिल्हा झाला ना. नवा शिक्का," मी म्हटलं.

"म्हनूनच म्हनतो. नवा शिक्का कुनीबी काढून आनतंय."

मग नाव विचारलं, वडिलांचं विचारलं, आजोबांचं विचारलं, मूळ गाव विचारलं. आजोबांच्या नावापर्यंत प्रश्न गेला की त्याच्या पुढं काय येतं हे मला लहानपणापासून पाठ होतं. आमच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर होती आणि माझ्या जिभेवर उत्तर तयार होतं. मी बाह्या सरसावूनच उभी राहिले. पण त्यांचा पुढचा प्रश्न निराळाच निघाला.

"घरी तुमाला काय म्हनतेत? लाडानं?"

"ते तुम्हाला कशाला हवं?" मी फटकारलं.

त्यांनी मान डोलावली, कंबरेच्या पिशवीतून लांबट वही काढली आणि काहीतरी लिहिलं. मी वाकून पाहिलं. 'सांगत नाही' असं लिहिलं होतं. मग फाटक उघडलं. माणूस डोक्यात गेला तो असा, पहिल्याच तासात.

ते मुळातले जकात नाक्यावरचे कारकून. उदगीरच्या बाजूला कुठल्याशा नाक्यावर उभी हयात गेली. गाडी थांबवायची, गोणीत सळई खुपसायची, आत काय ते ओळखायचं. निवृत्त झाल्यावर संस्थेच्या सचिवांनी ओळखीत वसतिगृह अधीक्षक म्हणून आणलं. अंगात खाकी सदरा, खाली धोतर, खांद्यावर लाल टॉवेल आणि किल्ल्यांचा हा एवढा जुडगा. मुलांनी त्यांचं नाव ठेवलं होतं ते जुडग्यावरूनच. हवेत किल्ली फिरवल्यासारखी मूठ फिरवली की समजायचं, म्हातारा येतोय. संशय त्यांच्या इतका अंगवळणी पडला होता की जेवताना आमटीची वाटीसुद्धा आधी ढवळून बघायचे. स्वयंपाकाच्या मावशी रोज चिडायच्या.

"माज्या हातावर भरवसा न्हाई का तुमचा?"

"तुमच्या हातावर हाय. पालीवर न्हाई."

दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांची त्यांच्याकडं तहकीकात व्हायची. नव्या जिल्ह्याचे साहेब पहिल्यांदा तपासणीला आले, तेव्हा त्यांची जीप फाटकावर अडवून यांनी विचारलं, "कोन्या लेकराला भेटायचंय?" साहेब म्हणाले, सगळ्यांना. हे म्हणाले, "सगळ्यांचा पाव्हना आजून जन्माला यायचाय." हेडमास्तर चप्पल न घालता धावत आले तेव्हा कुठं जीप आत आली.

त्या वर्षी दुष्काळ होता. शाळेची विहीर संक्रांतीलाच तळाला गेली होती. टँकर दोन दिवसांआड यायचा, म्हणजे येतो असं सांगितलं जायचं. विहिरीतलं पाणी संपल्यावर तिचा सोल, तो लांब जाड दोर, रहाटावर नुसता लटकत होता. अधीक्षकांनी तो सोडवून आणला आणि त्याला हातभर अंतरावर एकेचाळीस गाठी मारल्या. शाळेत मुलं एकेचाळीस. प्रत्येक गाठीला निराळ्या रंगाची चिंधी. ज्याची गाठ त्याला पाठ.

"आग लागली तर घंटा बडवून काय फायदा?" त्यांनी मला समजावलं. "ऐकनार कोन? लाल टॉवेल दिसला की हातातलं टाकायचं, आपली गाठ धरायची अन् लिंबाखाली जायचं. गाठ रिकामी दिसली की कोन आत ऱ्हायलं त्ये कळतंय."

इथवर ठीक होतं. पण ही कवायत कधी व्हायची याला काही धरबंध नव्हता. आग सांगून लागते का, असं ते म्हणायचे. जेवणात, आंघोळीत, पाढ्यांत, केव्हाही खिडकीत लाल टॉवेल हलायचा आणि वर्ग रिकामा व्हायचा. शेवटच्या गाठीनंतर त्यांनी बेचाळिसावी गाठ मारली होती. ती माझी. मी ती दोन बोटांच्या चिमटीत धरून चालायचे.

आमचं खरं भांडण मात्र हातांवरून होतं. मी मुंबईहून वर्षभराचं शिक्षण घेऊन आले होते. त्या काळी आम्हाला शिकवलं होतं की बहिऱ्या मुलाला बोलतं करायचं असेल तर हातवारे बंद. हात चालले की जीभ आळसावते. म्हणून वर्गात माझा नियम एकच होता: हात पाठीमागं. मूल खुणा करू लागलं की मी स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं नेऊन दाखवायची, आणि मुलंही न्यायची. मग आरसा, श्रवणयंत्राची छातीवरची पेटी, गळ्याला लावलेली बोटं, ओठांपुढं धरलेला कागदाचा कपटा. 'प' नीट आला की कपटा हलतो. एकेका अक्षराला महिने लागायचे.

आणि हे गृहस्थ काय करायचे? संध्याकाळी वसतिगृहाच्या पायरीवर बसून एकेका मुलाला बोलावून घ्यायचे. गुळाचा खडा द्यायचे आणि खुणांनी विचारायचे: आईला काय म्हणतोस? बापाला काय? मामाला काय? मूल हात हलवून दाखवायचं आणि हे वहीत लिहून घ्यायचे. मी दिवसभर जे बंद करायची ते हा माणूस संध्याकाळी गूळ देऊन उघडायचा.

गोदा नावाची एक मुलगी होती, नऊ वर्षांची, देवणीकडची. बाप सालगडी. तिला शाळेत घालायला आई आणि आजी आल्या होत्या, सुट्टीला न्यायला-आणायला कायम आजीच यायची. गोदाच्या तोंडून 'पा' काढायला मला तीन महिने लागले होते. एके दुपारी आरशापुढं तिचे ओठ मिटले, गालात हवा भरली, कपटा थरथरला, आणि खिडकीत लाल टॉवेल हलला. गोदा उठून आपल्या हिरव्या गाठीकडं पळाली.

मी लिंबाखाली जाऊन त्यांना मुलांसमोर नाही नाही ते बोलले. ते शांतपणे गाठी मोजत होते. शेवटी म्हणाले, "बाई, तुमी तुमची गाठ सोडली. तुमी आत जळलाव."

त्या दिवशी मी संस्थेच्या सचिवांना पत्र लिहिलं. कवायतीबद्दल लिहिलं, खुणांबद्दल लिहिलं. पत्र मला पुरेसं जड वाटेना, म्हणून खाली आणखी एक वाक्य लिहिलं: 'अधीक्षक संध्याकाळी मुलींना एकेकटं बोलावतात व खाऊ देतात.'

त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते मुलांनाही बोलावतात, उघड्या पायरीवर बोलावतात, आणि मावशी दोन हातांवर ज्वारी निवडत बसलेल्या असतात, एवढंच मी लिहिलं नाही. तो माणूस लेकरांकडून घरची माणसं का काढून घेतो, असा संशय मला खरोखर येत होता, असं मी स्वतःला सांगितलं. थोडा येतही होता. पण पत्र टाकलं ते रागानं. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली.

चैत्रात टँकर आठवडाभर आलाच नाही. हेडमास्तरांनी सुट्टी लवकर लावली आणि पालकांना पोस्टकार्डं टाकली: अमुक दिवशी मुलं घेऊन जा. त्या दिवशी ते स्वतः पाण्याच्या अर्जाचं बघायला लातूरला गेले आणि फाटक अधीक्षकांच्या हाती राहिलं.

सकाळपासून फाटकाबाहेर रांग लागली. आत मुलं वळकट्या बांधून वर्गात बसवलेली. तेव्हा मला कळलं की त्या वहीचा उपयोग काय. पोस्टकार्ड दाखवलं तरी, सरपंचाची चिठ्ठी दाखवली तरी, अधीक्षक एकच विचारत होते.

"लेकरू तुमाला काय म्हनतंय? करून दावा."

याला ते शिनाख्त म्हणायचे. ओळख पटल्याशिवाय मूल सोडायचं नाही. बोलत्या मुलाला विचारता येतं, हा तुझा कोण? आमच्या मुलांना कोण विचारणार? म्हणून मुलानं घरच्या माणसाला ठेवलेलं खुणेचं नाव आलेल्या माणसानं करून दाखवायचं. वहीशी जुळलं तर फाटक उघडायचं. प्रवेशाच्या वेळीच ते प्रत्येक घराला बजावून ठेवत, इचारीन म्हणून. आया पटापट दाखवत होत्या. एका चांगल्या जमीनदार काकांना सगळ्यांदेखत स्वतःचं नाक चपटं करून दाखवावं लागलं. एका मामाला झुलत झुलत चालून दाखवावं लागलं, कारण भाच्यानं त्याचं नावच तसं ठेवलं होतं. रांग हसत होती, मामा घाम पुसत होता.

दुपारी एक माणूस पुढं आला. डोकं तुळतुळीत, मिशी सफाचट, डोक्यावर टोपी-पटका काही नाही. हातात सरपंचाची चिठ्ठी.

"गोदावरीला न्ह्याया आलो. मी बाप हाय तिचा."

"आजी कामून आली न्हाई?"

"आय वारली माजी. उद्या तेरावा हाय. नातीला आना म्हनून लई घोकून गेली बिचारी."

"वाईट झालं," अधीक्षक म्हणाले. "पोरगी तुमाला काय म्हनती?"

"ती काय म्हनंल साहेब? मुकी हाय की ती."

"मुकी न्हाई. तुमी बगितलं न्हाई."

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. बोटांनी मिशीच्या जागी पीळ दिल्यासारखं केलं. वही नाही म्हणाली. पटका गुंडाळल्यासारखं केलं. तेही नाही. खांद्यावर कुदळ ठेवल्यासारखं केलं. मग त्याचे हात खाली पडले. पहाटे रानात जाणारा आणि अंधार पडल्यावर येणारा माणूस. लेकीच्या हातांकडं त्यानं कधी निवांत पाहिलंच नव्हतं. रांगेतलं हसू थांबलं.

माझ्यानं राहवेना. "अहो, माणसाच्या घरात सुतक आहे. दिसत नाही का तुम्हाला? मी आणते गोदाला, बाप की नाही ते तीच सांगेल."

"आना. पन तिनं पळत येऊन मिठी मारली तर मी त्याला शिनाख्त मानत न्हाई. घरी जायला मिळतंय म्हनल्यावर लेकरू यमालाबी काका म्हनतंय."

मी तावातावानं गोदाला वर्गाच्या खिडकीशी नेलं आणि बोट करून दाखवलं. फाटक चाळीस पावलांवर. गोदानं त्या बोडक्या माणसाकडं पाहिलं. पुष्कळ वेळ पाहिलं. पळाली नाही की हसली नाही. माझ्याकडं वळून तिनं खांदे उडवले.

माझ्या मनात पाल चुकचुकली. हा बाप नसेल तर? सुतकाचं सोंग काढून आलेला कुणी असेल तर? दुष्काळात पोरींना कुठं कुठं नेतात याच्या गोष्टी तेव्हा एसटीत, टँकरच्या रांगेत रोज कानावर यायच्या. पण इतकं बोलून झाल्यावर मागं कसं फिरायचं? मी फाटकावर आले आणि जास्तच मोठ्यानं म्हणाले, "सोडा त्यांना आत. ओळखलं तिनं."

अधीक्षकांनी माझ्याकडं पाहिलं. नाक्यावर गोणीकडं बघत असतील तसं.

"बाई, ती गाडी मी सोडली हुती," ते हळू आवाजात म्हणाले. "नाक्यावर. दोन बैल, चार गोण्या, वर एक पोरगी बसलेली. मानूस म्हनला, भन हाय माजी, मुकी हाय. पोरगी हात हालवून राहिली हुती. मी चारीबी गोण्या तपासल्या. पोरगी न्हाई तपासली. चार दिसांनी तिचा बाप आला हुडकत."

पुढं मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, पोरगी परकी नव्हतीच, अधीक्षकांच्याच सख्ख्या बहिणीची होती. मावशींना कुणी सांगितलं कोण जाणे. खरं काय ते मला आजही ठाऊक नाही.

"प्रत्येक बापाला असलं कसं माहीत असेल?" मी तरी रेटलं.

"तुमाला लेकरं काय म्हनतेत, तुमाला ठाऊक हाय का?"

मला नव्हतं ठाऊक. मी कधी विचारलंच नव्हतं.

त्यांनी गोदाच्या बापाला सांगितलं, घरी जा, लेकीच्या आईला विचारून या. तो आधी रडकुंडीला आला, मग भांडला, मग गज धरून नुसता उभा राहिला. शेवटी उदगीरची गाडी धरायला पायी रस्त्याकडं निघाला. त्याच्याकडं बघता बघता मला आणखी एक गोष्ट दिसली. रांगेत मागं हिरव्या सदऱ्याचा एक माणूस उभा होता, सकाळपासून. ही सगळी शिनाख्त त्यानं पाहिली, बिडी पेटवली, चहा घेऊन येतो असं पुढच्याला म्हणाला आणि गेला. परत आला नाही. कुणाला न्यायला आला होता ते कळलं नाही. असेल साधा कुणीतरी. कंटाळून गेला असेल. पण त्या दिवशी संपूर्ण रांग संपल्यावर एक गोदा सोडून प्रत्येक मुलाला आपापलं माणूस भेटलेलं होतं, मग तो कुणासाठी उभा होता?

अधीक्षकांनी वहीत लिहिलं: 'हिरवा सदरा. गेला.'

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गोदाचा बाप परत आला. धुळीनं माखलेला, ओठ फुटलेले. आईच्या तेराव्याला थोरला मुलगा पानावर नव्हता. धाकट्या भावानं सगळं उरकलं होतं. फाटकासमोर येऊन उजवा पाय उचलून त्यानं दोनदा जमिनीवर आपटला. दण्, दण्. धुरळा उडाला.

अधीक्षकांनी वही उघडली, पान पाहिलं, फाटक उघडलं.

"रानातनं आलो की मी उंबऱ्यावर जोडे आपटतो," तो मला सांगू लागला. "माती झाडाया. तिला त्ये भुईतनं कळतंय म्हनं. कारभारीन म्हनली, तुमी यायच्या टायमाला ती भुईवर हात ठिवून बसती. मला काय म्हाईत, बाई? नऊ वर्सं झाली."

गोदा वर्गाच्या दारात आली होती. त्यानं पुन्हा पाय आपटला. आता ती पळाली. मधेच थांबून तिनंही दोनदा पाय आपटला आणि मग जी पळाली ती थेट त्याच्या कंबरेला. त्याच्या बोडक्या डोक्यावरून हात फिरवून तिनं विचारलं, हे काय? आणि कपाळावर पदर ओढल्यासारखं करून दाखवलं, आजी? बापाला एवढं कळलं. तो खाली बसला आणि ती दोघं तिथंच फाटकात रडली. मीही रडले. अधीक्षक किल्ल्या मोजत उभे होते.

सुट्टीतच चौकशी लागली. सालगड्याला आईच्या तेराव्याला मुकवलं ही बातमी संस्थेपर्यंत गेली होती, आणि टेबलावर माझं पत्र होतं. दोन सभासद आणि सचिव. त्यांनी तेराव्याचा विषय पाच मिनिटांत संपवला आणि माझं ते शेवटचं वाक्य मोठ्यानं वाचलं.

अधीक्षकांनी ते उभ्यानं ऐकलं. मला वाटलं, आता आरडाओरडा करतील, माझ्याकडं बोट दाखवतील. ते म्हणाले, "बाईनं लिवलं त्ये बराबर हाय. मी बोलावतो."

मग म्हणाले, "बाईनं शक घेतला त्येबी बराबर केलं. लेकरांच्या जागी कुनावरबी शक घ्यायाच पायजे, माज्यावरबी. आता तहकीकात करा. लेकरांना इचारा."

सचिव हसले. "लेकरं काय सांगणार? मुकी आहेत ती."

आयुष्यभर दुसऱ्यांना तपासणाऱ्या माणसानं स्वतःहून मागितलेली स्वतःची तपासणी, आणि ती कुणी केली नाही. मला विचारलं, बाई, आणखी काही सांगायचं आहे? मावशी तिथं बसलेल्या असतात, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. गोदानं खिडकीतून बापाला ओळखलं नव्हतं, मी खोटं बोलले होते, हे दुसरं. हिरव्या सदऱ्याचा माणूस, हे तिसरं. मी म्हणाले, "नाही."

मला लाज वाटते. तेव्हा वाटली नाही इतकी आता वाटते.

अधीक्षकांना घरी जायला सांगितलं. चार्ज माझ्याकडं द्यायचा ठरला, दुसरं कुणी नव्हतंच. त्यांनी एकेक किल्ली कुलपाला लावून दाखवली, दोराच्या बेचाळीस गाठी मला मोजायला लावल्या, लाल टॉवेल घडी करून दिला. शेवटी वही काढली, पण हातात दिली नाही.

"घरी तुमाला काय म्हनतेत?"

मी सांगितलं. ते इथं लिहीत नाही. त्यांनी माझं पान काढलं, 'सांगत नाही' खोडलं, नाव लिहिलं आणि वही माझ्या हातात ठेवली. मग पिशवी घेऊन फाटकाशी उभे राहिले.

"पिशवी तपासा."

"असू द्या हो," मी म्हणाले. माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

"तपासा, बाई. मी भाईर चाललो म्हनून काय झालं?"

मी तपासली. दोन धोतरं, एक तांब्या, गुळाची पुडी. ते गेले. मागं वळून पाहिलं ते मला नव्हे, कडी नीट लागली की नाही हे बघायला.

मग मी वही उघडली. माझ्या पानावर वर माझं घरचं नाव होतं, शाई अजून ओली. खाली 'लेकरं काय म्हणतात' असा रकाना. त्यात त्यांच्या नाक्यावरच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'दोन्ही हात पाठीमागं.'

त्यापुढं मी तीस वर्षं त्या शाळेत काढली. हात सुटे केले, मुलांचे आणि माझेही. खुणा मुलांकडूनच शिकले, गुळाचे खडे वाटून, मावशींच्या शेजारी पायरीवर बसून. फाटकावर शिनाख्त चालूच ठेवली, आणि शिव्याही खाल्ल्या. जूनमध्ये गोदाचा बाप तिला सोडायला आला तेव्हा कुणी विचारायच्या आधीच पाय आपटत आला होता. अधीक्षकांना शोधायला मी दोनदा उदगीरला गेले. घर सापडलं तेव्हा कळलं की ते त्याच्या आदल्या वर्षीच वारले. माफी मागायची राहून गेली.

मागच्या वर्षी लातूरच्या बसस्टँडवर मी नांदेडच्या गाडीची वाट बघत होते. शेजारच्या बाकावर एक चार-पाच वर्षांची पोर बडबडत होती, चांगली कानानं ऐकणारी, तोंडानं बोलणारी. आई तिला हातांनी उत्तरं देत होती. पोर माझ्याकडं आली आणि माझ्या पिशवीतला डबा उघडू लागली. मी तिला जवळ ओढलं, तशी आईनं झडप घालून तिचा हात धरला आणि माझ्याकडं रोखून पाहिलं.

ती गोदा होती. हनुवटीवरचा तो तीळ, त्या भुवया. मी आनंदानं खुणांवर खुणा करत सुटले: मी, शाळा, चाकूर, आरसा. गोदाचा चेहरा हलला नाही. खुणा कुणालाही येतात. माझे केस पांढरे, डोळ्यांवर चष्मा, दात नवे. तिनं हवेत मूठ धरली, किल्ली फिरवावी तशी फिरवली, आणि हनुवटी उडवून विचारलं: तू कोण?

मला कळलं, ती काय मागत होती.

भर स्टँडवर, शे-दोनशे माणसांत, मी उभी राहिले आणि दोन्ही हात पाठीमागं नेले.

गोदा बघत राहिली. मग तिनं लेकीचा हात सोडला.